म्हैसूरमध्ये दोन दिवस, धावपळ न करता

आजचा विषय तसा साधा आहे. शनिवार-रविवार म्हैसूरला यायचं आणि सोमवारी कामावर जाताना अंग दुखत नाही, असं कसं जमवायचं?

हा भाग करायचं कारण सांगते. मी म्हैसूरमध्ये बरीच वर्षं राहते आणि माझ्याकडे महाराष्ट्रातून, बेळगाव-हुबळीकडून, हैदराबाद-इंदूरहून पाहुणे येतच असतात. त्यातल्या बऱ्याच जणांची मुलं बंगळूरुला नोकरीला. आई-बाबा दोन आठवड्यांसाठी मुलाकडे येतात. मुलाला सुट्टी फक्त शनिवार-रविवारची. मग एक गाडी ठरते आणि गाडीवाला यादी वाचतो: श्रीरंगपट्टण, राजवाडा, प्राणिसंग्रहालय, चामुंडी, चर्च, बाजार, रात्री वृंदावन गार्डन. सगळं एका दिवसात. माझ्या ओळखीचं सोलापूरचं एक जोडपं असंच येऊन गेलं. वय सत्तरीचं, काकूंचे गुडघे दुखरे. पाचव्या ठिकाणापासून काकू गाडीतच बसून राहिल्या. काका आणि मुलगा धावत आत जायचे, फोटो काढून परत यायचे. मुलाला वर्षातून जेमतेम दोन वेळा आई-वडिलांसोबत निवांत दिवस मिळतो. तो दिवस असा गेला.

म्हणून आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करू. आपण म्हैसूरला राजवाड्यांचं शहर म्हणून येतो. ते आहेच. पण इथली रोजची लय राजाची नाही, मास्तरांची आहे. हे विद्यापीठाचं गाव आहे. पहाटे फिरणं, सकाळी खाणं, दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा फिरणं. पूर्वी पुण्याला 'पेन्शनरांचं गाव' म्हणायचे, म्हैसूरला आजही म्हणतात. आपण या लयीत शिरलो तर सहल आरामात होते. तिच्या विरुद्ध गेलो की दमतो.

विद्यापीठाचं गाव म्हणजे काय

म्हैसूर विद्यापीठ 27 जुलै 1916 रोजी सुरू झालं. राजे होते नाल्वडी कृष्णराज वडियार, म्हणजे चौथे कृष्णराज, आणि दिवाण होते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. विश्वेश्वरय्या आपल्याला परके नाहीत. ते पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले, मुंबई इलाख्यात त्यांनी अनेक वर्षं नोकरी केली आणि खडकवासल्याच्या धरणाला आपोआप उघडणारे दरवाजे त्यांनीच बसवले. संस्थानी मुलखात निघालेलं हे देशातलं पहिलं विद्यापीठ. योगायोग बघा, त्याच 1916 साली पुण्याजवळ हिंगण्याला महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं.

विद्यापीठाच्या आधीपासून इथे महाराजा कॉलेज होतं. सर्वपल्ली राधाकृष्णन 1918 ते 1921 या काळात तिथे तत्त्वज्ञान शिकवत होते. ते कलकत्त्याला निघाले तेव्हा विद्यार्थ्यांनी त्यांच्या बग्गीचे घोडे सोडले आणि स्टेशनापर्यंत बग्गी स्वतः ओढत नेली, असं सांगतात. आर. के. नारायण याच कॉलेजचे. त्यांचे धाकटे भाऊ आर. के. लक्ष्मणही इथलेच पदवीधर. लक्ष्मण पुढे मुंबईला आले आणि त्यांचा चौकड्यांच्या कोटातला कॉमन मॅन आपल्या घराघरात पोचला. शेवटची वर्षं ते पुण्यात होते.

शहराची बांधणीही फिरायला सोयीची आहे. प्लेगच्या साथीनंतर 1903 मध्ये इथे नगरसुधारणेसाठी ट्रस्ट बोर्ड नेमलं गेलं. रुंद रस्ते, मोठे चौक, झाडांच्या रांगा हे त्यातूनच पुढे वाढत गेलं. म्हणून म्हैसूर पायी बघता येतं, आणि पायी बघितलं तरच कळतं.

कधी यायचं आणि कसं

शहर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरपेक्षा उंचावर आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हवा सगळ्यात छान. मार्च-एप्रिलमध्ये दुपारचं ऊन लागतं. दसऱ्याचे दहा दिवस म्हणजे इथला सगळ्यात मोठा सोहळा. तो एकदा जरूर बघा, पण निवांत सुट्टीसाठी ते दिवस नकोत. खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर भाव चढलेले असतात. आषाढातल्या शुक्रवारी चामुंडी डोंगरावर खूप गर्दी असते, तेही लक्षात ठेवा.

बंगळूरुहून रेल्वेने दोन ते तीन तास लागतात, गाड्या भरपूर आहेत. 2023 मध्ये नवा महामार्ग झाल्यापासून कारनेही लवकर येता येतं. त्याच्या मुख्य मार्गिकांवर दुचाकी आणि रिक्षांना बंदी आहे, त्यामुळे बाइकवाल्यांनी बाजूचा सर्व्हिस रोड धरावा. पंढरपूर-सोलापूरकडच्या लोकांना गोलगुंबज एक्स्प्रेस थेट म्हैसूरला आणते. बेळगावहून विश्वमानव एक्स्प्रेस आहे. 'विश्वमानव' हा शब्द कन्नड कवी कुवेंपूंचा. त्यांची भेट पुढे होईलच.

माझा सल्ला असा की शुक्रवारी रात्रीच पोचा. शनिवारची सकाळ म्हैसूरमध्ये उजाडली पाहिजे. पहाटे बंगळूरु सोडून आलात तर दिवसाचा उत्तम भाग रस्त्यात जातो. राहायला बसस्टँडजवळ नको. सरस्वतीपुरम, जयलक्ष्मीपुरम किंवा यादवगिरी या भागांत बघा. सकाळी दार उघडलं की थेट फिरायला जाता येतं.

दोन दिवसांसाठी माझा नियम एकच: दिवसाला दोन ठिकाणं. एक ऊन चढायच्या आधी, एक ऊन उतरल्यावर. मधले चार तास कुणाच्या यादीत द्यायचे नाहीत.

शनिवार सकाळ: तळं आणि मानसगंगोत्री

सकाळी साडेसहाच्या सुमारास कुक्करहळ्ळी तळ्यावर जा. कन्नडमध्ये तळ्याला 'केरे' म्हणतात, म्हणून पाटीवर कुक्करहळ्ळी केरे असं दिसेल. तिसऱ्या कृष्णराज वडियारांनी 1864 मध्ये हे बांधलं. आता ते विद्यापीठाकडे आहे. काठाने मातीची पायवाट आहे, दोन्ही बाजूंनी झाडी. पूर्ण फेरीला निवांत चाललं तर तास-सव्वा तास लागतो. गुडघे दुखत असतील तर बांधाच्या बाजूने दहा मिनिटं चालून बाकावर बसा, तेवढ्यातही तळ्याची मजा येते. पेलिकन, पाणकावळे, बगळे, चित्रबलाक असे पक्षी हमखास दिसतात. दुर्बीण असली तर आणा. इथे तुम्हाला प्राध्यापक, विद्यार्थी, निवृत्त आजोबा सगळे भेटतील, आणि बहुतेक जण चालता चालता वाद घालत असतील. दुपारी दरवाजे बंद असतात, म्हणून सकाळचीच वेळ धरा.

तळ्याच्या पलीकडे मानसगंगोत्री. हा विद्यापीठाचा पदव्युत्तर परिसर, सातशे एकरांहून मोठा. कुवेंपू 1956 ते 1960 या काळात कुलगुरू होते. त्यांच्याच कारकिर्दीत हा परिसर उभा राहिला आणि नावही त्यांनीच दिलं. मनाच्या गंगेचा उगम, असा त्याचा अर्थ. एका शेतकरी घरातून आलेला कवी याच विद्यापीठात शिकला, तिथेच शिकवू लागला आणि शेवटी कुलगुरू झाला. 1967 सालचं ज्ञानपीठही त्यांना मिळालं. आत शिरताना हे आठवलं तर नुसत्या इमारती दिसत नाहीत.

याच परिसरात भारतीय भाषा संस्थान आहे, 1969 मध्ये केंद्र सरकारने काढलेलं. आपला त्याच्याशी जवळचा संबंध आहे. त्याचं पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात आहे आणि तिथे इतर राज्यांतले शिक्षक येऊन मराठी शिकतात. तसंच आपल्याकडचे शिक्षक म्हैसूरच्या केंद्रात दाक्षिणात्य भाषा शिकायला येतात. सीमाभागात भाषेवरून किती कडवटपणा आहे ते आपण जाणतो. त्याच वेळी इथल्या एखाद्या वर्गात महाराष्ट्रातल्या बाई कन्नड बाराखडी गिरवत असतात, हेही माहीत असावं.

परिसरातच जयलक्ष्मी विलास ही जुनी हवेली आहे. 1897 मध्ये ज्या राजकन्येच्या लग्नात जुना लाकडी राजवाडा जळाला, त्या जयलक्ष्मम्मण्णींसाठी ती पुढे 1905 मध्ये बांधली. विद्यापीठाचं लोककला संग्रहालय याच वास्तूतलं. जुन्या इमारतीची डागडुजी वारंवार चालते, त्यामुळे आत जाता येतं का ते आधी विचारून घ्या.

आणि महत्त्वाचं: कर्नाटकात दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सरकारी कचेऱ्यांना सुट्टी असते. एखादी संस्था किंवा ग्रंथालय आतून बघायचं असेल तर पहिला किंवा तिसरा शनिवार निवडा.

यानंतर नाश्ता. म्हैसूर मसाला डोसा म्हणजे आतून लाल चटणी लावलेला आणि बटाट्याची भाजी भरलेला. दुसरा प्रकार मैलारी डोसा: मऊ, जाळीदार, वर लोण्याचा गोळा. जुन्या हॉटेलांत रांग असते आणि टेबल अनोळखी माणसांबरोबर वाटून घ्यावं लागतं. त्याचा संकोच करू नका. शेवटी फिल्टर कॉफी. मग खोलीवर परत. खरंच परत. झोपा, पुस्तक वाचा, आईच्या पायांना तेल लावा.

शनिवार संध्याकाळ: बाजार

चार-साडेचारला देवराज मार्केट. ते ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव सय्याजीराव रोड. होय, आपले बडोद्याचे सयाजीराव गायकवाड. दसऱ्याची मिरवणूक याच रस्त्याने जाते. मार्केटात फुलांची बोळ, कुंकवाच्या ढिगांची बोळ, केळ्यांची बोळ अशा रांगा आहेत. नंजनगूडची रसबाळे केळी, म्हैसूरची मोगऱ्यासारखी मल्लिगे फुलं आणि इथली विड्याची पानं, तिन्हींना भौगोलिक मानांकन आहे. पानं जरूर घ्या. मऊ असतात. जवळच म्हैसूरपाकाची जुनी दुकानं आहेत. हा पदार्थ राजवाड्याच्या मुदपाकखान्यात जन्मला असं सांगतात. गरम असताना तो तोंडात विरघळतो, म्हणून डबा बांधून घ्यायच्या आधी एक तुकडा तिथेच खा.

इथे थोडं थांबून वर छताकडे, भिंतींकडे बघा. 2012 मध्ये जवळच्याच लॅन्सडाउन इमारतीचा भाग कोसळून चार जणांचा जीव गेला. 2016 मध्ये देवराज मार्केटचाही एक भाग पडला. तेव्हापासून पाडून नवं बांधायचं की दुरुस्त करायचं हा वाद चालू झाला आणि कोर्टापर्यंत गेला. व्यापाऱ्यांचं पोट, माणसांची सुरक्षितता आणि शंभरहून जास्त वर्षांची वास्तू, तिन्ही बाजू खऱ्या आहेत. आपण पाहुणे आहोत, निकाल देणारे नाही. पण जे आहे ते आज बघून घ्यावं, एवढं मी नक्की म्हणेन.

रविवार सकाळ: एक चित्र, एक रस्ता

रविवारी सकाळी राजवाड्याच्या आत जायला सगळं गाव लोटतं. म्हणून मी पाहुण्यांना जगन्मोहन राजवाड्यात पाठवते. 1861 मध्ये बांधलेली ही वास्तू आता कलादालन आहे. विद्यापीठाचे सुरुवातीचे पदवीदान समारंभ इथल्याच सभागृहात झाले.

इथे राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, पण मराठी माणसाने एका चित्रापुढे थांबायलाच हवं. हातात समई घेतलेली तरुणी, बोटांतून झिरपणारा उजेड. कॅलेंडरांवर तुम्ही ते शंभरदा बघितलं असेल. कित्येक लोक ते रविवर्म्याचं समजतात. ते आहे सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं, आणि समोर उभी होती त्यांची स्वतःची मुलगी. तैलरंगातलं वाटतं, पण जलरंगातलं आहे. जलरंगात चूक झाली तर वर थर चढवून लपवता येत नाही. हे ठाऊक असलं की त्या उजेडाकडे बघायची नजर बदलते. या एका चित्रापाशी दहा मिनिटं द्या.

याच वास्तूत तिरुमलै कृष्णमाचार्यांची योगशाळा होती. त्यांचा मेहुणा पोरसवदा वयात इथे शिकायला आला आणि 1937 मध्ये पुण्याला शिकवायला गेला. तेच बी. के. एस. अय्यंगार.

बाहेर पडल्यावर रिक्षाने कृष्णराज बुलेव्हार्डला या. दोन्ही बाजूंना मोठी झाडं, मधून चालायची वाट. महाराजा कॉलेज, युवराज कॉलेज, कोर्ट या भागातच आहे. इथेच प्राच्य संशोधन संस्था. 1891 मध्ये प्राच्य ग्रंथालय म्हणून ती सुरू झाली. रविवारी ती बाहेरूनच बघावी लागेल, तरी बघा. या ग्रंथालयात 1905 मध्ये तंजावरकडच्या एका पंडिताने ताडपत्रांची पोथी आणून दिली. ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांनी ती वाचली आणि ते कौटिल्याचं अर्थशास्त्र निघालं. कित्येक शतकं ज्याचे फक्त उल्लेख माहीत होते, तो अख्खा ग्रंथ हाती आला. 1909 मध्ये त्यांनी तो छापला. पुढे सगळी हस्तलिखितं ताडून त्याची चिकित्सक आवृत्ती तयार केली ती र. पं. कंगले यांनी, आणि 1960 पासून ती मुंबई विद्यापीठाने प्रसिद्ध केली. म्हणजे म्हैसूरने पोथी शोधली, मुंबईने तिचा पाठ पक्का केला. चाणक्यावरची मालिका बघून मोठी झालेली मुलं सोबत असतील तर ही गोष्ट याच झाडांखाली सांगा.

अजून उत्साह असेल तर यादवगिरीत आर. के. नारायण यांचं घर आहे. ते पाडायला घेतलं होतं, लोकांनी आवाज उठवला आणि 2016 मध्ये तिथे संग्रहालय झालं. पण हे जास्तीचं. दमला असाल तर सोडा.

रविवार संध्याकाळ: दिवे

आता राजवाडा. हेन्री आयर्विन या वास्तुविशारदाने आखलेला हा राजवाडा 1912 मध्ये पूर्ण झाला. रविवारी आणि सार्वजनिक सुट्ट्यांना संध्याकाळी सातच्या सुमारास त्याचे जवळजवळ एक लाख दिवे एकदम लागतात आणि पाऊण तास राहतात. म्हणून शेवट रविवारी संध्याकाळी करायचा. साडेसहाला आत या, पटांगणात मोकळी जागा बघून बसा. चालावं लागत नाही, पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. सत्तरीच्या माणसालाही हा कार्यक्रम पूर्ण घेता येतो. नंतर बंगळूरुला परतायला रात्री उशिरापर्यंत बस मिळतात.

काय सोडायचं

वृंदावन गार्डन सोडा. येऊन-जाऊन रात्रीचे तीन तास जातात. चामुंडीच्या हजारभर पायऱ्या चढायचा हट्ट सोडा. देवीचं दर्शन हवंच असेल तर पहाटे गाडीने वर जा आणि उतरताना एकाच दगडातल्या नंदीपाशी थांबा. प्राणिसंग्रहालय मुलांसाठी उत्तम आहे, पण त्यात अर्धा दिवस जातो, म्हणून ते घेतलंत तर त्या दिवशी दुसरं काही नको. मंगळवारी ते बंद असतं. श्रीरंगपट्टण आणि रंगनतिट्टूच्या पक्ष्यांसाठी वेगळी सुट्टी काढा.

थोडी भाषाही घेऊन या. 'साकु' म्हणजे पुरे, वाढप्याला सांगायला लागतं. 'एष्टु' म्हणजे किती. तुपाला 'तुप्पा' म्हणतात, अण्णा आणि अक्का तर आपलेच. रिक्षावाल्याला अण्णा म्हणून 'मीटर हाकि' म्हणालात की बहुतेक वेळा तो हसतो आणि मीटर टाकतो.

सोलापूरच्या त्या काका-काकूंना मी पुढच्या वेळी हाच बेत लिहून दिला. दोन दिवसांत त्यांनी चार ठिकाणं बघितली. काकू तळ्याकाठी बाकावर दीड तास बसल्या होत्या, मुलगा शेजारी. काय बोलले ते मी विचारलं नाही.

तुमच्या घरी कुणाला बसायला किती वेळ लागतो, किती चालता येतं, दुपारी झोप लागते का, हे आधी विचारा आणि मग खोली बुक करा.